पत्रा, यंत्र आणि माणसाचा हात

आपल्याकडे सकाळी जाग येताच प्रथम स्वतःच्या दोन्ही तळहातांचे दर्शन घेण्याची जुनी प्रथा आहे. लक्ष्मीचा आणि विद्येचा वास हातातच आहे, ही त्यामागची भावना. श्रम करून पोट भरणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही भावना शब्दशः खरी असते. त्याच्यापाशी शेत नसेल, पदवी नसेल, पेढीवर ठेव नसेल. परंतु २७ हाडे, त्यांना जोडणारे स्नायुरज्जू आणि अत्यंत नाजूक मज्जातंतू यांनी बनलेला हात असतो आणि त्यावर सारे घर चालते. अशा हाताची दोन बोटे एका क्षणात निघून जातात, तेव्हा शल्यचिकित्सक जखम शिवू शकतो. उपजीविका शिवता येत नाही. म्हणून पत्र्याचे काम आणि यंत्रावरील काम करताना घ्यावयाची काळजी हा विषय मी या स्मरणिकेसाठी निवडला आहे. तो जितका कारखानदारांचा आणि कामगारांचा आहे, तितकाच आपणा डॉक्टरांचाही आहे.

आपला परिसर आणि आपले रुग्ण

सौंसर आणि पांढुर्णा हा भाग संत्र्यांचा व कपाशीचा म्हणून ओळखला जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून हे दोन तालुके वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. परंतु आपल्या दवाखान्यात येणारा रुग्ण आता केवळ शेतकरी राहिलेला नाही. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात पाळीने काम करणारे तरुण आपल्याच गावांतून ये-जा करतात. गावोगावी वेल्डिंगची, लेथची आणि पत्राकामाची लहान दुकाने आहेत. उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरचे सांगाडे, सुगीनंतर धान्याच्या कोठ्या, वर्षभर दारे, खिडक्या, शटर, पन्हळी आणि ट्रॉलीचे फाळके असे काम तेथे अखंड चालते. शेतात थ्रेशर आणि गोठ्यात विजेवर चालणारे कडबा कुट्टीचे यंत्र आले आहे. यंत्र घराघरात पोहोचले. त्यासोबत यावयास हवी होती ती सावधगिरी मात्र मागे राहिली.

कायद्याचे संरक्षण या लहान दुकानांपर्यंत फारसे पोहोचत नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान १० कामगार असतील तरच त्यास कारखाना म्हणत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही मर्यादा २० आहे. चार माणसांच्या वेल्डिंगच्या दुकानात निरीक्षक येत नाही, सुरक्षा अधिकारी नसतो, प्रशिक्षण नसते. अशा कामगाराच्या आयुष्यात सुरक्षेविषयी चार शब्द सांगू शकणारी सुशिक्षित व्यक्ती पुष्कळदा एकच असते, आणि ती म्हणजे त्याचा डॉक्टर.

‘तुम्ही काय काम करता?’

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला वैद्याने विचारावयाच्या परंपरागत प्रश्नांत आणखी एका प्रश्नाची भर घालावी, असा आग्रह त्यांनी धरला. तो प्रश्न म्हणजे, तुमचा व्यवसाय कोणता? व्हेनिसमधील तांबटांचे त्यांनी केलेले वर्णन आजही वाचण्यासारखे आहे. दिवसभर तांब्याचे पत्रे ठोकून ही मंडळी वाकून जात आणि त्यांच्या कानांना कायमचे बहिरेपण येई. आपल्याकडे तांबट हे नाव एका पक्ष्यालाही मिळाले आहे, कारण त्याचा आवाज पत्र्यावर पडणाऱ्या हातोडीसारखा एकसुरी ‘टुक टुक’ असा येतो. तीनशे वर्षांनंतरही रामाझ्झिनींचा तो प्रश्न आपल्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात राहूनच जातो. तो विचारला तर काय हाती लागते, याची उदाहरणे पुढे येतीलच.

पत्र्याची जखम : दिसते त्याहून खोल

कापलेल्या पत्र्याच्या काठावर सुरीसारखी बारीक कोर उभी राहते. तिने झालेली जखम स्वच्छ, सरळ आणि लहान दिसते. रक्तस्राव लवकर थांबतो आणि सर्वांनाच हायसे वाटते. परंतु पातळ पत्रा त्वचेतून सहज आत शिरून स्नायुरज्जू व मज्जातंतू छेदतो. म्हणून तळहाताच्या किंवा बोटाच्या अशा प्रत्येक जखमेत, बधिर करण्याचे इंजेक्शन देण्यापूर्वीच, बोटाचे प्रत्येक पेर वेगवेगळे वाकवून पाहावे आणि बोटाच्या दोन्ही कडांची संवेदना तपासावी. एकदा बधिर केले की ही परीक्षा करता येत नाही, आणि तुटलेला स्नायुरज्जू आठवड्यांनंतर ध्यानात आला तर त्याची दुरुस्ती कितीतरी अवघड होते. धनुर्वाताच्या लसीची चौकशी तर करावीच. लस पूर्ण झालेली नसेल आणि जखम मळलेली असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचाही विचार करावा.

कामगाराने करावयाचे उपाय साधे आहेत. पत्रा कापताच त्याचे काठ कानशीने मारून घ्यावेत. मोठा पत्रा एकट्याने न उचलता दोघांनी उचलावा. वाऱ्याच्या दिवशी गच्चीवर किंवा उघड्यावर पत्रा हाताळू नये. निसटलेला पत्रा पकडण्याचा प्रयत्न कधीही करू नये, तो पडू द्यावा. तुकडे पायवाटेत न टाकता पिंपात टाकावेत. चपलेऐवजी बंद बूट घालावेत.

यंत्र कसे पकडते

यंत्रे अनेक असली तरी त्यांच्या इजा मोजक्या प्रकारच्या आहेत. पॉवर प्रेस आणि बेंडिंग मशीन दोन कठीण भागांमध्ये हात चिरडतात. शिअरिंग मशीन कापते. लेथ, ड्रिल, शाफ्ट यांसारखे फिरणारे भाग सैल बाही, उपरणे, ओढणी, वेणी यांना गुंडाळून माणसालाच ओढून घेतात. पट्टा आणि पुली, किंवा एकमेकांकडे फिरणारे दोन रूळ, जेथे एकत्र येतात तेथे बोट गेले की हात आत जातो. यंत्र थांबवण्यास लागणारा वेळ माणसाच्या प्रतिक्रियेच्या वेळेहून जास्त असतो. ‘मी लक्ष ठेवून काम करतो’ ही हमी म्हणूनच अपुरी आहे. लक्ष कितीही असले तरी थकवा, झोप आणि एकसुरीपणा यांच्यापुढे ते कधीतरी ढळतेच. सुरक्षेची सारी शास्त्रे याच सत्यावर उभी आहेत की, माणूस चुकणार हे गृहीत धरून यंत्र असे असावे, की चूक झाली तरी हात वाचावा.

पॉवर प्रेसचे उदाहरण घेऊ. जुन्या धर्तीच्या यांत्रिक प्रेसमध्ये फ्लायव्हील सतत फिरत असते आणि पायाने पेडल दाबताच क्लच अडकून पंच खाली येतो. एकदा खाली येऊ लागलेला पंच मध्येच थांबवता येत नाही. क्लचची किल्ली झिजली असेल तर पेडल न दाबताही दुसरा ठोका बसू शकतो, आणि नेमक्या त्याच वेळी कामगाराचा हात तयार झालेला नग उचलण्यासाठी डायमध्ये असतो. हरियाणातील मानेसर व गुरगाव भागात जखमी कामगारांसाठी काम करणाऱ्या सेफ इन इंडिया फाउंडेशनने २०१९ पासून मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगांतील अपघातांचे अहवाल प्रसिद्ध केले आहेत. चिरडून बोटे जाण्यामागे पॉवर प्रेस हे प्रमुख कारण असल्याचे त्यांत पुन्हा पुन्हा दिसते.

उपाय अज्ञात नाहीत. डायभोवती असे आवरण असावे की त्यातून पत्रा जाईल, पण बोट जाणार नाही. पेडलऐवजी दोन बटणे असावीत आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस चालू नये. म्हणजे हात डायमध्ये असूच शकत नाहीत. मोठ्या प्रेसवर प्रकाशकिरणांचा पडदा बसवतात, त्यात हात जाताच यंत्र थांबते. हा पडदा अर्थात ठोका मध्येच थांबवू शकणाऱ्या प्रेसलाच उपयोगी, जुन्या किल्लीच्या क्लचला नव्हे. नग काढण्यासाठी हाताऐवजी चिमटा वापरावा. तो चिमटा काही रुपयांना मिळतो.

आवरण काढून काम करण्याची सवय ही आपल्याकडची खरी व्याधी आहे. ‘गार्डमुळे काम हळू होते’ हे कारण मी पुष्कळदा ऐकले आहे. हातातल्या ग्राइंडरचे आवरण काढून त्यावर मोठ्या मापाचे चाक चढवणे, किंवा लाकूड कापण्याचे दातेरी पाते बसवणे, हा असाच जीवघेणा प्रकार. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे फिरतो. चाकावर लिहिलेल्या मर्यादेहून अधिक वेगाने ते फिरवल्यास त्याचे तुकडे उडतात आणि ते चेहऱ्यात, मानेत वा पोटात घुसतात.

दुरुस्तीच्या वेळचे अपघात निराळे. एकजण यंत्रात हात घालून अडकलेला तुकडा काढत असतो आणि दुसरा, त्याला काहीच कल्पना नसल्याने, बटण दाबतो. मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे, किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात असावी आणि स्विचवर ‘काम चालू आहे’ अशी पाटी टांगावी. वीज बंद झाली तरी फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत हात घालू नये.

हातमोजे : केव्हा घालावेत, केव्हा घालू नयेत

याविषयी कामगारांतच नव्हे, मालकांतही गैरसमज आहे. पत्रा उचलताना, रचताना, हलवताना जाड चामड्याचे किंवा न कापले जाणारे मोजे अवश्य घालावेत. मात्र ड्रिल, लेथ अशा फिरत्या यंत्रावर मोजे घालणे धोक्याचे आहे. उघड्या बोटाला ओरखडा येऊन सुटका होण्याचा संभव असतो. मोजा मात्र फिरत्या भागात गुंडाळला जातो आणि बोटाला मुळासकट पिळून काढतो. हाच नियम अंगठी, कडे, हातातला गंडा व घड्याळ यांना लागू. अंगठी अडकून बोटाची त्वचा मोज्यासारखी सोलून निघते, तेव्हा होणारी जखम हातावरील शल्यक्रियेतील सर्वांत कठीण जखमांपैकी एक असते. लग्नातली अंगठी कामाच्या वेळी गळ्यातील दोऱ्यात नव्हे, घरी ठेवावी.

डोळे, कान आणि श्वास

रात्री दोनच्या सुमारास दोन्ही डोळे घट्ट मिटून, पाणी गळत असलेला तरुण दवाखान्यात आला, तर प्रथम विचारावे की दिवसा वेल्डिंग केले काय, किंवा त्याजवळ उभा होता काय. वेल्डिंगच्या अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा थर भाजतो आणि वेदना सहा ते बारा तासांनी सुरू होतात. मलम, पट्टी आणि विश्रांती यांनी एक-दोन दिवसांत आराम पडतो. डोळा बधिर करणारे थेंब रुग्णाच्या हाती घरी वापरण्यासाठी कदापि देऊ नयेत. वारंवार वापरल्यास बुबुळ विरघळू लागते. डोळ्यांत दूध किंवा पाल्याचा रस घालणे आणि सोबत्याने काडीला कापूस गुंडाळून कण काढणे, या दोन्ही प्रकारांनी जंतुसंसर्ग होऊन दृष्टी गेलेली आहे.

छन्नीवर हातोडा मारताना उडालेला लोखंडाचा कण डोळ्याच्या आत जाऊनही बाहेर नाममात्र खूण दिसते. ‘ठोकताना काहीतरी लागले’ एवढेच रुग्ण सांगत असेल, तरी क्ष-किरण चित्र किंवा सी. टी. स्कॅन करावे. एम. आर. आय. मात्र करू नये, कारण चुंबकाने तो कण डोळ्यात सरकतो. आत राहिलेले लोखंड काही महिन्यांत दृष्टिपटल निकामी करते.

आणखी एक फसवा आजार. जस्ताचा मुलामा असलेल्या जी. आय. पत्र्यावर वेल्डिंग केले की पांढरा धूर निघतो. चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव येते आणि खोकला होतो. बहुधा एक-दोन दिवसांत सारे आपोआप शमते. आपल्या हिवतापाच्या भागात अशा रुग्णाला मलेरियाचे औषध मिळते, आणि ताप उतरल्यामुळे ते लागू पडल्यासारखेही वाटते! काम विचारले तर निदान एका वाक्यात होते. जोडाच्या जागेवरील मुलामा घासून काढणे, उघड्यावर किंवा पंख्याच्या झोतात धूर दूर जाईल असे उभे राहणे, हे त्यावरील उपाय. मात्र श्वास लागत असेल तर ते साधे समजू नये. कॅडमियमच्या मुलाम्याचा धूर असाच सुरू होऊन फुप्फुसे पाण्याने भरू शकतो आणि प्राणघातक ठरतो.

कानांविषयी थोडक्यात. हातभर अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक आहे असे समजावे. या बहिरेपणावर औषध नाही. कानातील बोळे किंवा कानटोप हाच इलाज. आवाजाने येणारे बहिरेपण कायद्याच्या अनुसूचीतील कळवण्याजोग्या रोगांपैकी आहे आणि तसे कळवण्याचे कर्तव्य उपचार करणाऱ्या डॉक्टरवर टाकलेले आहे.

शेतातील यंत्रे

थ्रेशरमध्ये हात जाण्याचे प्रकार देशात इतके वाढले होते, की संसदेला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. कणसे आत सरकवण्याचा चारा पुरेसा लांब व तोंडाशी झाकलेला असेल, तर हात दात्यांपर्यंत पोहोचूच शकत नाही. भारतीय मानकात त्याची लांबी किमान ९० सेंटीमीटर सांगितली आहे. गावातल्या गावात बनवलेल्या किंवा जुन्या थ्रेशरवर तो चारा कापून आखूड केलेला दिसला, तर ते यंत्र वापरू नये.

कडबा कुट्टीच्या यंत्राने मोठ्यांइतकीच लहान मुले जखमी होतात. काम नसताना चाक साखळीने बांधून कुलूप लावणे, आणि पात्यांवर आवरण ठेवणे, एवढ्याने मुलांची बोटे वाचतात. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. दिनेश मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातील खेड्यांत जाऊन या इजांचा अभ्यास केला आणि यंत्रातच असे स्वस्त बदल सुचवले, हे येथे आवर्जून नमूद करतो.

अपघात झालाच तर

२ जानेवारी १९६३ रोजी शांघायमध्ये एका तरुण कामगाराचा उजवा हात पत्र्यावरील पंचिंग यंत्राखाली मनगटाच्या वर तुटला. डॉ. चेन चुंग-वेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुन्हा जोडला आणि तो कामाचा झाला. १९६५ मध्ये जपानमधील नारा येथे कोमात्सु व तामाई यांनी तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने जोडला. आज ही शस्त्रक्रिया नागपुरात होऊ शकते आणि सौंसरहून नागपूर दोन तासांच्या आत गाठता येते. प्रश्न राहतो तो त्या दोन तासांपूर्वी आपण काय केले याचा.

१. यंत्र बंद करावे. अडकलेला हात ओढू नये. यंत्र उलटे फिरवून किंवा भाग सोडवून मोकळा करावा.

२. स्वच्छ कापडाने जखमेवर सतत दाब द्यावा व हात उंच धरावा. हळद, चहापूड, ग्रीस काहीही लावू नये.

३. दाबूनही रक्त थांबत नसेल आणि जीव धोक्यात असेल, तरच रुंद पट्टी आवळावी व वेळ लिहून ठेवावी. तार किंवा सुतळी वापरू नये.

४. तुटलेले बोट शोधावे. सलाइनने अलगद धुऊन ओल्या गॉजमध्ये गुंडाळावे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी घट्ट बंद करावी आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नये. पेशी गोठून मरतात.

५. अर्धवट लोंबणारा भाग कापून टाकू नये. तसाच आधार देऊन बांधावा.

६. पुढील रुग्णालयाला दूरध्वनी करून मगच रवाना करावे.

थंड ठेवलेले बोट २४ तासांपर्यंतही जोडण्याजोगे राहू शकते, साध्या तापमानात सुमारे १२ तास. मनगटाच्या वरचा भाग स्नायूंमुळे लवकर निकामी होतो. तेथे सहा तासांची मर्यादा धरावी.

एक सूचना डॉक्टरांसाठी. हायड्रॉलिक यंत्राच्या नळीतून किंवा ग्रीसगनमधून दाबाने उडालेले तेल बोटात शिरले, तर बाहेर केवळ टोचल्याची खूण असते आणि वेदनाही सुरुवातीस थोडी असते. ही तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब आहे. प्रतिजैविके देऊन घरी पाठवल्यास बोट गमावले जाते.

केसपेपरवरील दोन ओळी

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत अवयवांच्या हानीची टक्केवारी दिली होती. अंगठा गेल्यास ३० टक्के, तर्जनी संपूर्ण गेल्यास १४ टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के अर्जनक्षमता गेली असे त्यात मानले आहे. आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी अनुसूची आहे. या साऱ्या हिशेबाचा पाया आपल्या हस्ताक्षरातील नोंद हाच असतो.

माझ्यासमोर एकदा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा आणला होता. उजव्या हाताची दोन बोटे चिरडलेली, नखाखाली काळे ग्रीस. सोबतच्या गृहस्थांनी ‘घरच्या दारात बोट सापडले’ असे सांगितले. मुलगा खाली पाहत होता. सोबत्यांना बाहेर बसवून मी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब, प्रेसवर होतो. खरं लिवलं तं काम जाईल.’ मी त्याला समजावले की काम दुसरे मिळेल, परंतु हा कागद पुन्हा लिहिता येणार नाही. त्याच्याच शब्दांत, दिवस, वेळ आणि यंत्राच्या नावासह नोंद केली. पुढे भरपाईच्या वेळी त्या नोंदीचाच त्याला आधार झाला.

म्हणून समव्यवसायी बंधुभगिनींना विनंती आहे की हाताच्या प्रत्येक जखमेत यंत्र कोणते, आवरण होते काय, कामाचा कितवा तास होता, हे चार शब्द लिहावेत. कोणाविरुद्ध बाजू घेण्याचा प्रश्न नाही. खरा इतिहास लिहिणे हा आपल्या विद्येचाच भाग आहे.

आपण काय करू शकतो

आपल्या संस्थेने रक्तदान व नेत्रतपासणीची शिबिरे घेतलीच आहेत. त्यांच्या जोडीस वर्षातून एकदा वेल्डिंग व पत्राकाम करणाऱ्यांसाठी एक सायंकाळ ठेवावी. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिवस त्यासाठी योग्य आहे. धनुर्वाताची लस, कानांची व डोळ्यांची तपासणी, आणि तुटलेले बोट कसे न्यावे याचे प्रात्यक्षिक, एवढे दोन तासांत होते. वर दिलेल्या सहा सूचनांचा फलक प्रत्येक दुकानात लावता येईल. मालक मंडळींनाही सांगावे की आवरण हा खर्च नाही. अनुभवी कारागिराचा हात गेल्यावर होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे असते.

खंडेनवमीला आपण यंत्रांना हळदकुंकू वाहतो, फुलांची माळ घालतो. यंदा त्या दिवशी माळ घालण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या यंत्राचे काढून ठेवलेले आवरण कोपऱ्यातून शोधून काढावे, पुसावे आणि पुन्हा जागेवर बसवावे. ज्या हातांनी ती पूजा होते, त्या हातांचे त्याने रक्षण होईल.